मैदानावर दिलेला शब्द कोणाच्या वहीत?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजकीय भाषणांचा आता काही उपयोग उरला आहे काय, या प्रश्नावर आपल्या वाचकपत्रांत गेले काही दिवस चर्चा चालू आहे. बहुतेक पत्रलेखकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. सभेला माणसे आणलेली असतात, वक्ता काय बोलणार हे आधीच ठाऊक असते आणि ऐकणाऱ्याचे मत सभेपूर्वीच ठरलेले असते, ही त्यांची तीन मुख्य कारणे. यांपैकी एकही कारण मला खोडता येणार नाही. तरीही त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे मूळ माझ्या व्यवसायात असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे. पत्र लांबल्यास काटछाट करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. फक्त तारखा आणि आकडे कापू नयेत, एवढी विनंती.

मी एका सरकारी कार्यालयातून मराठी लघुलेखक म्हणून निवृत्त झालो. आमच्या तरुणपणी लघुलेखनाच्या शासकीय परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांना सर सांगत, की क्लासमध्ये मिनिटाला ८० किंवा १०० शब्दांच्या ठरावीक वेगाने वाचून दाखवलेला उतारा कोणीही घेईल. माणूस खरोखर कसा बोलतो, कुठे अडखळतो आणि टाळ्या पडल्या की त्याचा वेग कसा वाढतो, हे शिकायचे असेल तर सभेला जाऊन बसा. म्हणून आम्ही तीन-चार मित्र गोल्फ क्लबच्या मैदानावर (त्याचे रीतसर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिककराच्या तोंडी अजून गोल्फ क्लबच आहे) वही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन जात असू. कोणत्या पक्षाची सभा आहे हे आम्ही पाहत नव्हतो. आम्हाला फुकटचे डिक्टेशन हवे होते. पुढे नोकरी लागली, मित्रांची सवय सुटली, माझी राहिली. त्या वह्या आजही घरात एका पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि पेटीमुळे पलंगाखालची जागा अडते या एका मुद्द्यावर घरात माझ्याविरुद्ध एकमत आहे.

लघुलेखनात वारंवार येणाऱ्या शब्दसमूहासाठी एकच खूण ठरवून ठेवतात, म्हणजे हात पुढे पळतो. कार्यालयात माझ्या अशा खुणा ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरेंच्या होत्या. सभांसाठी मला वेगळ्या खुणा बनवाव्या लागल्या. पहिली अर्थातच ‘या ठिकाणी’ची. मराठी नेता बसलेल्या जागेवरून उठला की ‘या ठिकाणी’ सुरू होते आणि तो पुन्हा बसेपर्यंत थांबत नाही. या ठिकाणी विकास होतो, या ठिकाणी आभार मानले जातात, या ठिकाणी दुसऱ्याच जिल्ह्याच्या धरणाचा प्रश्नही सुटतो. त्यानंतर ‘खऱ्या अर्थाने’, ‘निश्चितपणे’, ‘त्या माध्यमातून’ आणि ‘मी आपल्याला शब्द देतो’. या पाच खुणा हाताशी असल्या की चाळीस मिनिटांच्या भाषणातला बराच भाग लिहिताना मान वर करून शेंगदाणेवाल्याशी भावाची चर्चा करता येते.

परंतु घरी येऊन तीच वही वाचू लागले की ऐकताना न कळलेली एक गोष्ट दिसते, आणि ती म्हणजे क्रियापदे. दुसऱ्या पक्षाविषयीची वाक्ये भूतकाळात असतात आणि त्यांना कर्ता असतो : त्यांनी केले नाही, त्यांनी फसवले, त्यांनी खाल्ले. स्वतःविषयीची वाक्ये भविष्यकाळात असतात आणि त्यांतला कर्ता बहुधा नाहीसा झालेला असतो : पाण्याचा प्रश्न सोडवला जाईल, उद्योग आणले जातील, रोजगार निर्माण केला जाईल. कोण सोडवणार आणि कधी आणणार, हे वाक्यात नसतेच. सरकारी टिपणीत ‘यथावकाश कार्यवाही करण्यात येईल’ असे मीच हजारो वेळा उतरवले असल्यामुळे या प्रयोगाचा हेतू मला अगदी आतून ठाऊक आहे. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला. ज्या वाक्यात कर्ता आहे, नेमके काम आहे आणि मुदत आहे, त्याच वाक्याखाली लाल रेघ ओढायची. बाकीचे भाषण टाळ्यांसाठी होते असे समजायचे.

अशा लाल रेघेचे सर्वांत मोठे वाक्य आपल्याच जिल्ह्यात बोलले गेले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककर कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, अनुयायांनी मार खाल्ला, पण दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. वाक्यात कर्ता आहे, ‘मी’. मुदत आहे, स्वतःचे आयुष्य. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिशेब केला तर २१ वर्षे आणि १ दिवस होतो. मुदत संपायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. येवल्यात त्या दिवशी कोणी मत मागत नव्हते आणि कोणी देतही नव्हते. बोलणाऱ्याने हजारो लोकांच्या देखत स्वतःला बांधून घेतले, आणि ऐकणाऱ्यांनी ते वाक्य दोन दशके जपून ठेवले. भाषणाचा उपयोग काय, असे मला कोणी विचारले तर मी त्याला येवल्याच्या मुक्तिभूमीचा रस्ता दाखवतो.

प्रभागातल्या इच्छुक उमेदवाराची तुलना बाबासाहेबांशी करणे हा दोघांवरही अन्याय आहे, हे मला कळते. माझा मुद्दा उंचीचा नाही, वाक्यरचनेचा आहे. नेमकेपणाने बोलायला महापुरुष असावे लागत नाही.

आता मतांविषयी. भाषणाने मते मिळत नाहीत म्हणून भाषण निरुपयोगी, असे अनेकांनी लिहिले आहे. आपल्या शहराचा अनुभव यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. २००९ मध्ये राज ठाकरे यांच्या सभांनी नाशिक भारून गेले होते आणि शहरातून मनसेचे तीन आमदार निवडून आले. २०१२ मध्ये महापालिकेत १२२ पैकी ४० जागा आणि महापौरपद त्यांच्याकडे आले. २०१७ मध्ये तोच वक्ता आणि तेच शहर असताना जागा पाच झाल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी उमेदवार उभे न करता ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत राज्यभर सभा घेतल्या. मैदाने भरली, आणि राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीनेच जिंकल्या. उलट १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, म्हणजे मतांसाठी भाषण करण्याची वेळच आली नाही. एकूण मते आणि भाषणे यांचे नाते गहू आणि पाऊस यांच्यासारखे आहे. कधी उपयोग होतो, कधी नुकसान होते आणि बऱ्याचदा पीक विहिरीच्या पाण्यावरच येते.

मात्र ‘लाव रे तो व्हिडीओ’ या प्रकाराविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. पडद्यावर नेत्याचे जुने वाक्य दाखवायचे आणि शेजारी आजची स्थिती ठेवायची, ही मूळची लघुलेखकाची रीत आहे. आमच्या कामात साहेबांनी सांगितलेले त्यांनाच वाचून दाखवतात, आणि साहेब पुष्कळदा म्हणतात, ‘मी असे म्हणालो होतो?’ त्या सभांत वाचून दाखवणारा प्रतिस्पर्धी राजकारणी होता, म्हणून ते एकाच बाजूचे वाचन झाले. पण रीत योग्य होती, आणि ती एका पक्षाच्या मंचावरून उचलून तटस्थ जागी न्यायला हवी. ती जागा कोणती, ते पुढे सांगतो.

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, त्याचे छायाचित्र घराघरांत पोहोचले आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांचा उमेदवार जिंकलाही. सगळ्यांना पाऊस आठवतो. मी दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन बसलो होतो, त्यामुळे मला एक वाक्य आठवते. लोकसभेसाठी उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली, अशा अर्थाचे ते बोलले होते. सभेत स्वतःविषयी भूतकाळात बोलणारे आणि त्यातही स्वतःचा दोष सांगणारे वाक्य माझ्या वह्यांत फार क्वचित सापडते. त्या सभेचा परिणाम झाला असेल तर त्याचे श्रेय केवळ ढगांना देऊ नये.

श्रोत्यांचीही एक बाजू आहे. पूर्वी चौकसभेत वक्त्याकडे चिठ्ठ्या जात. वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला कागद चार हातांतून पुढे सरकत मंचावर पोहोचे, आणि निदान दोन-तीन चिठ्ठ्या वाचून उत्तर देण्याची लाज वक्त्याला असे. आता मोठ्या सभेत मंच आणि पहिली रांग यांमध्ये सुरक्षेसाठी बल्ल्या लावून एवढी मोकळी जागा सोडलेली असते की चिठ्ठी पोहोचवायची तर पोस्टाने पाठवावी लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ च्या सुरुवातीला बंदी उठली तरी ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. त्याच महिन्यात पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा चालू असताना गर्दीतला एक तरुण उठून ‘कांद्यावर बोला’ असे ओरडला आणि पोलिसांनी त्याला बाजूला नेले. महिनाभरातच दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही मतदारसंघांत सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पडले. त्या निकालाची कारणे अनेक असतील, पण त्या सभेतले काय लक्षात राहिले असे लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत विचारून पाहावे. मंचावरचे वाक्य क्वचितच कोणी सांगेल. मंचाखालची ती दोन शब्दांची हाक बहुतेकांना पाठ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते भाषणाचा एकच टिकाऊ उपयोग आहे. सत्ता मागणारा माणूस चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने, स्वतःला कशाने तरी बांधून घेतो. चित्रफितीत सोयीचे तुकडे जोडता येतात, जाहीरनामा समिती लिहिते, फलकावरचे वाक्य जाहिरात कंपनीचे असते; परंतु ध्वनिक्षेपकासमोर उच्चारलेले वाक्य त्या माणसाचेच असते. जाहीरनाम्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने निदान एवढे सांगितले, की आश्वासनांमागची कारणमीमांसा आणि पैशाची सोय कशी होणार याचा निर्देश त्यांत असावा. मैदानावरच्या आश्वासनाला तेवढाही लगाम नाही.

विधिमंडळात मात्र तो आहे, आणि ही गोष्ट आपल्या अनेक वाचकांना ठाऊक नसावी असे वाटते. सभागृहात मंत्र्याचा शब्दन्‌शब्द प्रतिवेदक उतरवून घेतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे. तेथे तर कोणते वाक्प्रयोग आश्वासन म्हणून धरायचे याची यादीच ठरलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘मी यात लक्ष घालीन’ असे मंत्री बोलले तरी ते आश्वासन ठरते आणि तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. एका लघुलेखकाला यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती असणार? आम्ही ज्या वाक्यांना निरर्थक समजून एका खुणेत उरकतो, त्यांनाच तेथे पकडून ठेवले जाते.

सभागृहातले सगळे पूर्ण होते असा याचा अर्थ नव्हे. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला होता, त्या दिवशी शहरात पेढे वाटले गेले, आणि त्या मेट्रोचा एकही खांब मी अजून पाहिलेला नाही. तरीही फरक आहे. मेट्रोविषयी विचारताना आपल्याला तारीख सांगता येते, रक्कम सांगता येते, कोण बोलले ते सांगता येते, आणि समोरचा ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ असे म्हणू शकत नाही. याच्या शेजारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीतली नाशिक दत्तक घेण्याची तत्कालीन मुख्यमंत्र्यांची घोषणा ठेवून पाहावी. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १२२ पैकी ६६ जागा मिळाल्या, आणि ‘दत्तक’ हा शब्द शहरात आजही टिकून आहे. समर्थक झालेल्या कामांची यादी सांगतात, विरोधक राहिलेल्या कामांची, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, कारण दत्तक घेण्यात नेमके काय काय येते आणि ते कधीपर्यंत, हे त्या घोषणेत नव्हतेच. घरातल्या दत्तकविधानाला निदान दत्तकपत्र तरी असते.

निवडणुकीच्या काळात मैदानावरच्या सभेचे सरकारी चित्रीकरण होते, हेही सांगितले पाहिजे. खर्चावर नजर ठेवणारे पथक मंच, कमानी, खुर्च्या आणि वाहने टिपते. खुर्चीचा, चहाच्या कपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून दिलेला असतो. त्याप्रमाणे हिशेब करून विधानसभेच्या उमेदवाराचा खर्च ४० लाखांच्या आणि लोकसभेच्या उमेदवाराचा ९५ लाखांच्या मर्यादेत आहे की नाही हे तपासले जाते. हे सर्व आवश्यक आहे. पण परिणाम असा होतो, की एखाद्या सभेत किती खुर्च्या मांडल्या होत्या हे सरकारदप्तरी सापडते आणि त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना काय सांगितले गेले हे शोधायचे तर माझ्यासारख्या रिकामटेकड्याची पेटी उघडावी लागते.

ती मी एकदा उघडली, त्याची हकीकत सांगतो. आमच्या नाशिकरोडच्या भागात एका चौकसभेत एका स्थानिक पुढाऱ्याने (नाव आणि पक्ष मुद्दाम लिहीत नाही; माणूस वाईट नाही) ‘पुढच्या उन्हाळ्याच्या आत मी तुम्हाला इथे जलकुंभ बांधून देतो’ असे सांगितले. कर्ता, काम, मुदत : मी आनंदाने लाल रेघ ओढली. पुढचा उन्हाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि तेच गृहस्थ त्याच चौकात पुन्हा आले. मी वही घेऊन पुढे गेलो. एका कार्यकर्त्याने ‘काका, नंतर भेटा’ म्हणून खांद्यावर हात ठेवला, पण पुढाऱ्यांनीच मला बोलू दिले. मी तारीख आणि वाक्य वाचून दाखवले. त्यांनी वही हातात घेतली, पाने उलटली, ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, ‘काका, या रेघोट्यांत काय लिहिलंय ते तुम्हालाच ठाऊक!’ चौकभर हशा पिकला. मीही हसलो, कारण उत्तर चुकीचे नव्हते. लघुलिपी ज्याची त्यालाच वाचता येते, आणि काही वर्षांनी त्यालाही येत नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई जागेवरूनच बोलल्या, ‘रेघोट्या राहू द्या. मी इथंच बसले होते. आंबे होते तेव्हा, पाटीवाला कडेला उभा होता. तुम्ही पुढचा उन्हाळा म्हणाला होतात.’ हशा थांबला. पुढाऱ्यांनी वही मला परत दिली आणि पाठपुरावा चालू असल्याचे सांगितले. जलकुंभ त्यानंतर वर्षभराने झाला. माझ्या वहीमुळे झाला असे मी म्हणणार नाही, कारण निविदेची प्रक्रिया आधीच सुरू होती असे नंतर समजले. माझ्या वहीमुळे जे झाले ते वेगळेच : ते गृहस्थ आमच्या चौकात अजूनही बोलतात, पण तेव्हापासून मुदत सांगत नाहीत. ‘लवकरात लवकर’ म्हणतात.

हा माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप आहे, आणि तो मी लपवणार नाही. नोंद ठेवली जाते असे कळले की बोलणारा अधिक सावध होतो, आणि सावध राजकारणी म्हणजे गुळगुळीत राजकारणी. त्याचा पुरता उतारा माझ्याकडे नाही. एवढेच सांगतो, की गुळगुळीतपणाचीही नोंद करता येते, आणि ती कशी करावी याविषयीच मला आपल्याला, म्हणजे वृत्तपत्राला, काही सुचवायचे आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आपण काय छापता ते पाहावे. ‘घणाघात’, ‘हल्लाबोल’, ‘खरपूस समाचार’, ‘तोफ डागली’, आणि फारच सौम्य दिवस असला तर ‘टोला’. आपल्या वार्ताहरांचा मला आदर आहे. उन्हात आमच्यासोबत तेही बसलेले असतात. पण एका नेत्याने दुसऱ्याला काय म्हटले याला मथळा मिळतो, आणि त्याच नेत्याने गावाला काय देऊ केले ते अकराव्या ओळीच्या पुढे कुठेतरी ‘विविध विकासकामांचे आश्वासन दिले’ या चार शब्दांत बुडते. पुढे कोणी जाब विचारायला गेले तर हाती काय असते? तोफ.

माझी सूचना साधी आहे. नाशिक जिल्ह्यात झालेल्या प्रत्येक मोठ्या सभेनंतर, कोणत्याही पक्षाची असो, बातमीच्या शेजारी चार ओळींची एक चौकट छापावी. तीत बोलणाऱ्याचे नाव, ठिकाण, तारीख आणि कर्ता, काम व मुदत असलेली त्याची वाक्ये, जशी उच्चारली तशी, विशेषणे न लावता द्यावीत. ज्या भाषणात असे एकही वाक्य नसेल त्याची चौकट नावासकट कोरी छापावी. वाक्यात दिलेली मुदत संपली की तीच चौकट पुन्हा छापावी, आणि खाली संबंधितांचे म्हणणे मागवून द्यावे. त्यावर अग्रलेख लिहू नये. वाचकाला जुने वाक्य आणि नवी तारीख पुरे. निवडणुकीच्या हंगामात पहिल्या पानावर पूर्ण पान जाहिराती कोणाच्या असतात ते मीही पाहतो, त्यामुळे ही चौकट चालवणे आपल्याला सोपे जाणार नाही याची मला कल्पना आहे. पण हे काम एकट्या माणसाच्या वहीने होत नाही, हे मी त्या चौकात शिकलो. माझी अक्षरे रेघोट्या ठरतात. त्या बाईंची आठवण उद्या कोणी नाकारली तर त्यांच्याकडे पुरावा नाही. छापलेल्या ओळीला ‘हे तुम्हालाच ठाऊक’ असे म्हणता येत नाही.

घाई करण्याचे कारण समोर आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धीकरणाविषयी, रस्त्यांविषयी, साधुग्रामाविषयी भाषणांना पूर आला आहे. मी पेटीतून २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थांपूर्वीच्या वह्या काढून गोदावरीविषयीची वाक्ये आजच्या वाक्यांशेजारी ठेवली. ‘गोदामाईचे पावित्र्य राखले जाईल’ हे वाक्य तिन्ही वेळा आढळले. तिन्ही वेळा त्याला कर्ता नाही. २००३ साली मी त्यासाठी खूण बनवली नव्हती, २०१५ साली बनवली, आणि या वेळी ती खूण काढताना हात आपोआप चालला. ज्या काठावर दरवर्षी मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेच्या व्याख्यानांना माणसे आपणहून येऊन बसतात आणि न पटलेल्या वक्त्याला नंतर गाठून प्रश्न विचारतात, त्याच काठाविषयी असे बोलून कोणी सुटून जावे हे मला पाहवत नाही.

चौकटीचा पहिला मजकूर म्हणून गेल्या महिनाभरात मी स्वतः ऐकलेल्या चार भाषणांतली लाल रेघेची वाक्ये सोबतच्या कागदावर देवनागरीत, टंकलिखित करून जोडली आहेत. वाक्ये तीन आहेत. चौथ्या भाषणासाठी कागदावर मोकळी जागा सोडली आहे. टाइप करताना राहिले असे कृपया समजू नये. मूळ वही ताडून पाहायची असल्यास कळवावे. सकाळी अकरानंतर मी मोकळाच असतो, आपल्या कार्यालयात येऊन वाचून दाखवीन.

आपला एक जुना वाचक,
सेवानिवृत्त लघुलेखक, नाशिकरोड